आप्पांचा सातवा मसुदा

"तुझं नाव मृत्युपत्रातून काढून टाकीन!" हे वाक्य ज्या घरात महिन्यातून एकदा तरी ऐकू येतं, तिथे एक आप्पा राहतात. पुण्यात ते आप्पा असतात, डोंबिवलीत नाना, कोल्हापुरात अण्णा. वय सत्तरीच्या पुढचं, पेन्शन बँकेची नाहीतर पाटबंधारे खात्याची. इस्टेट बेताचीच: एक फ्लॅट, थोड्या मुदत ठेवी, थोडे शेअर आणि कोकणातल्या घरात हिस्सा. थाट मात्र संस्थान खालसा होईल या धास्तीने वारस शोधणाऱ्या राजाचा.

आप्पांच्या कपाटात एक हिरवी फाईल आहे. तीत मृत्युपत्राचे सहा मसुदे आहेत आणि सातवा चालू आहे. घरातल्या भांडणांचा इतका व्यवस्थित दप्तरी इतिहास दुसरीकडे मिळणार नाही. मुलाने न विचारता बंगळुरूची नोकरी धरली, तेव्हाचा दुसरा मसुदा. दिवाळीत जावयाचा फोन आला नाही म्हणून चौथ्यात मुलीचा हिस्सा आक्रसला. मेमध्ये त्याने हापूसची पेटी पाठवली आणि पाचव्यात तो पूर्ववत झाला. फ्लॅटची वासलात दोन ओळींत लावलेली आहे. पितळी बंब, शिसवी आरामखुर्ची आणि पाटा-वरवंटा यांना मात्र दीड पान दिलं आहे. त्यातला पाटा-वरवंटा सुनेला जायचा आहे. ती बंगळुरूत बाराव्या मजल्यावर राहते.

शेवटी मुलीने त्यांना एका वकीलबाईंकडे नेलं. आप्पा पाचशेचा स्टॅम्प पेपर आधीच घेऊन गेले होते. बाईंनी तो परत त्यांच्याकडे सरकवला. "याला स्टॅम्प लागत नाही, आप्पा. साधा कागद चालतो. हाताने लिहिलंत तरी चालेल." नोंदणी करून ठेवलेली बरी, पण तीही सक्तीची नाही. १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा मागतो ते इतकंच: करणाऱ्याची सही, आणि ती पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या.

"एवढंच?" आप्पांचा चेहरा पडला. आपल्या मृत्यूबद्दल सरकार इतकं बेफिकीर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढचा तासही फारसा सुखाचा गेला नाही. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर, कर्जाचे हप्तेही दोघांनी फेडलेले. तेव्हा आप्पांना द्यायला त्यातला अर्धाच. उरलेला अर्धा काकूंचा, आणि काकू तिथे शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. कोकणातलं घर अजून सामाईक आहे. त्यातला स्वतःचा अविभक्त हिस्सा आप्पा लिहून देऊ शकतात, पण 'विहिरीजवळचा रायवळ आंबा नातवाला' असं नव्हे. त्या आंब्याच्या जमिनीच्या सात-बारावर आप्पांच्या बरोबरीने चुलत भावांची नावं आहेत. "आंबा माझ्या आजोबांनी लावलाय," आप्पा म्हणाले. "त्यांच्याही," बाई म्हणाल्या.

मग आप्पांनी ठेवणीतलं शस्त्र काढलं. सगळीकडे नॉमिनी लावून ठेवलेत! १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात; आप्पांनी लगोलग टक्केवारी घालून फॉर्म भरला होता. बाईंनी सांगितलं की बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे शेवटी मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर कायद्याप्रमाणे वारसांकडे जातात. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितलं, आणि ते प्रकरण होतं 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेचं. हे ऐकून आप्पा एकदम गंभीर झाले. सहीचा दिवस ते 'कालनिर्णय'मध्येच बघत होते.

साक्षीदारांनी आणखी घोळ घातला. बाईंच्या अटी साध्या होत्या: साक्षीदार वयाने लहान असावेत, पुढे कोर्टात येऊन सही ओळखू शकतील असे, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांतले नकोत, म्हणजे शंकेला जागा उरत नाही. आप्पांनी निवडले ते सकाळी बागेत भेटणारे दोघे. एकाचं वय ८४, दुसऱ्याला मोतीबिंदू. डॉक्टरांकडून मन खंबीर असल्याचा दाखला घेऊन ठेवा, असंही बाईंनी सुचवलं. त्यावर काकूंना आलेला खोकला बराच वेळ थांबला नाही.

मसुदा टाईप होऊन घरी आला त्यालाही आता काळ लोटला. सही झालेली नाही. आधी पितृपंधरवडा होता, मग मुलगा येणार होता, मग तो येऊन न बोलता गेला. मृत्युपत्र जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं तेवढं खरं धरतात, असं बाईंनी धीर द्यायला सांगितलं होतं. आप्पांनी त्यातलं 'बदलता येतं' एवढंच ऐकलं. खरी गोम वेगळी आहे. सही झाली की मृत्युपत्र तयार होतं आणि धमकी संपते. आणि निवृत्तीनंतर घरात चालणारं आप्पांचं तेवढं एकच नाणं आहे. काकूंनी स्वतःचं दीड पानी मृत्युपत्र त्याच बाईंकडून करून घेतलं आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवूनही टाकलं. त्यात काय आहे हे आप्पांना ठाऊक नाही. ते रोज आडून आडून विचारतात.

दरम्यान, हिरव्या फाईलला कायद्याच्या लेखी रद्दीपेक्षा जास्त किंमत नाही. आप्पांचं उद्या काही बरंवाईट झालं, तर १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होईल आणि त्यांच्या मालमत्तेचे सारखे हिस्से पडतील: एक काकूंचा, एक मुलाचा, एक मुलीचा. चौथा हिस्सा आप्पांच्या ९५ वर्षांच्या आईचा, कारण आईही पहिल्या वर्गातली वारस. ती सांगलीला धाकट्या भावाकडे असते, आणि त्या भावाशी आप्पा आंब्यावरूनच बोलत नाहीत.