मॉनिटर घेण्याचा यथासांग विधी

लॅपटॉपवर काम करणाऱ्याची मान साधारण तिसऱ्या वर्षी बोलू लागते. आधी कुरकुर, मग थेट तक्रार. कंपनी हिंजवडीत, मॅनेजर बंगळुरूत आणि खुर्ची इंदिरानगरातल्या बेडरूमच्या कोपऱ्यात, अशी ज्या नाशिककरांची त्रिस्थळी यात्रा चालू आहे, त्यांच्यापुढे तेव्हा दोनच मार्ग उरतात: फिजिओथेरपी किंवा वेगळा मॉनिटर. फिजिओथेरपीला दर खेपेला पैसे पडतात, म्हणून मॉनिटर स्वस्त वाटतो. असे वाटले की माणूस या विधीचा अधिकारी झाला.

विधीचे पहिले अंग सल्लाग्रहण. सल्ला मागू नये. ‘मॉनिटर घेतोय’ एवढेच कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जरा मोठ्याने म्हणावे. पहिल्या फेरीत कोणीतरी बजावतो, “सत्तावीसच्या खाली बघूच नकोस.” दुसऱ्या फेरीत दुसरा म्हणतो, “सत्तावीस? मान फिरवून फिरवून जाशील.” तिसऱ्या फेरीत एक निवृत्त गृहस्थ गाठतात. “अहो, घरात त्रेचाळीस इंची टीव्ही आहे ना? त्यालाच वायर लावा की!” या सल्ल्याचा अनादर करू नये, पाळू मात्र नये. टीव्ही सोफ्यावरून बघायला बनवलेला असतो. बरेच टीव्ही आलेल्या चित्राच्या कडा स्वतःच्या मर्जीने कातरतात, त्यात खालची टास्कबार जाते. काही जण रंगांच्या माहितीत काटकसर करतात, आणि लाल अक्षरांना झालर लागते. शिवाय संध्याकाळी सात ते दहा तो पडदा कोणाचा, हे घरात फार पूर्वीच ठरलेले आहे.

दुसरा पंथ लॅमिंग्टन रोडवाल्यांचा. ‘मुंबईला दोन हजारांनी स्वस्त पडतो.’ वस्तू कुठलीही असो, फरक दोन हजारांचाच असतो. त्यासाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडावी, दादरला उतरून ग्रँट रोड गाठावे. तिथे ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कुठला?’ असे अधिकृत नावाने विचारू नये, त्याच रस्त्यावर उभे राहूनही पत्ता सापडणार नाही. परतीच्या पंचवटीत पासधारकांच्या मधोमध सत्तावीस इंची खोका पोटाशी धरून उभे राहावे. कसाऱ्याचा घाट चढून होईपर्यंत दोन हजारांचे नेमके मोल कळते.

सामान्य माणसाने एम. जी. रोडला जावे. गाडी लावायला जागा मिळाली तर तो शुभशकुन समजून तिथेच दोन मिनिटे थांबावे. सोबत स्वतःचा लॅपटॉप न्यावा. हे फार महत्त्वाचे आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही.

दुकानात पहिला प्रश्न इंचांचा. इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तेव्हा चित्राची चौकट चारास तीन होती. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाच्या पहिल्या सिनेमाची ती चौकट पुढे टीव्हीने आणि मग कॉम्प्युटरनेही कितीतरी वर्षे सांभाळली. मग पडदे सोळास नऊ झाले. रुंदी वाढली, उंची आटली. ऑफिसातला जुना 19 इंची चौकोनी मॉनिटर आणि आजचा 24 इंची शेजारी ठेवून पट्टी लावा: दोघांच्या पडद्याची उंची 30 सेंटिमीटरच्या आसपास. वाढलेले पाच इंच सगळे आडवे गेले. सिनेमाला ते मानवते. ज्याला दिवसभर पत्रे, निविदा आणि सातबारे वाचायचे आहेत, त्याने इंच न विचारता उंची विचारावी. सेल्समन आधी स्टँडची सांगेल. पुन्हा विचारावी.

मग मॉडेल नंबर. पहिले अक्षर घराणे, पुढचे दोन आकडे बहुधा इंच, त्यापुढचे कधी साल, शेवटच्या अक्षरांत बाकीचे संस्कार. पंचवटीतले तीर्थपुरोहित गावाचे नाव ऐकून वही उघडतात आणि पणजोबांची सही दाखवतात, तितक्या सहज सेल्समन तो नंबर वाचतो. फरक इतकाच की पुरोहितांच्या वहीत पणजोबा खरोखर असतात.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना नमस्कार करून पुढे जावे. ‘1 मिलिसेकंद’ याच्या शेजारी एक चांदणी असते, आणि चांदणीचा खुलासा खोक्याच्या बुडाशी. ‘कॉन्ट्रास्ट कोटीला एक’ हाही असाच. चांगला आयपीएस जातीचा पडदा हजारास एकच्या आसपास भरतो, व्हीए जातीचा तीन हजारांपर्यंत जातो. कोटी येतात ते पडद्यामागचा दिवा मंद करून किंवा विझवून काळा रंग मोजल्यामुळे. दिवा विझवून मोजायचे म्हटले तर आपल्या हॉलची भिंतही कोटीला एक आहे. ‘72 टक्के एनटीएससी’ म्हणजे 1953 सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीच्या मापाच्या बहात्तर टक्के; कमी वाटले तरी रोजच्या कामाला एवढे रंग भरपूर झाले. घ्यावा आयपीएसच. त्याचे रंग बाजूने बघितल्यावर फारसे बदलत नाहीत, आणि आपल्याकडे कुठल्याही पडद्याकडे समोरून एक जण बघतो आणि बाजूने तिघे.

आता मुख्य परीक्षा. दुकानातल्या प्रत्येक मॉनिटरवर पोपट असतात. लाल-निळे, भले मोठे, मागे धबधबा.

“काका, कलर बघा ना!”

“बघितले. आता एक्सेल लाव.”

“एक्सेल? डेमो पीसला नसतं हो.”

इथे पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढावा. जो माणूस जन्मात पोपटाचा हिशेब ठेवणार नाही, त्याने पोपट बघून मॉनिटर का घ्यावा? वर्ड उघडून दहा पॉइंटात ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘आर्द्रता’ हे शब्द टाइप करावेत. इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांतही निभावून नेते. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षर, शिवाय सगळ्यांच्या डोक्यावर शिरोरेघ. 24 इंचांवर 1920 बाय 1080 ठिपके असले तर इंचाला 92 येतात. तेच ठिपके 27 इंचांवर पसरले की इंचाला 82 उरतात, आणि ‘कर्तृत्व’चा तृ पायात माती लागल्यासारखा दिसतो. म्हणून सत्तावीस घ्यायचाच तर 2560 बाय 1440 चा घ्यावा, त्यात इंचाला 109 बसतात. ‘उद्ध्वस्त’मधले द आणि ध वेगवेगळे दिसले तर मॉनिटर उत्तीर्ण. दिसले आणि तरीही शब्द चुकीचा वाटला, तर तो दोष मॉनिटरचा नव्हे.

लॅपटॉप आणलाच आहे तर त्याच्या भोकांचेही दर्शन घ्यावे. टाइप-सी नावाची भोके दिसायला सारखी, कर्तृत्वाला निराळी. एक नुसते चार्जिंग करते, दुसरे पेन ड्राइव्हला ओळखते, तिसरे चित्रही पाठवते. शेजारी थंडरबोल्टची वीज किंवा डी-पीची (डिस्प्लेपोर्टची) बारीक खूण असेल तर बहुधा चित्र जाते. खूण नसली तर सेल्समनची शपथ न घेता वायर लावून बघावी. त्याच वायरीतून लॅपटॉपला 65 वॅट चार्जिंग देणारा मॉनिटर महाग पडतो, पण टेबलावरच्या वायरींचे जंगल निम्मे होते. एचडीएमआयवाल्यांनी एक जपावे: लॅपटॉपचे भोक जुन्या 1.4 पिढीचे असेल तर फोर-के पडद्यावर चित्र सेकंदाला फक्त तीसदा बदलते. माउसचा बाण मग अडखळत चालतो, आणि दोष वाय-फायला लागतो.

पैसे देण्यापूर्वी पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधावेत. एखाद-दुसरा मेलेला ठिपका पुष्कळ कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे शोक घरी जाऊन करण्यापेक्षा काउंटरवरच केलेला बरा. पक्के बिल घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान-मोठ्या सगळ्या मॉनिटरना 18 टक्केच जीएसटी आहे. 32 इंचांपुढच्यांना त्याआधी 28 होता. त्यामुळे ‘बिलाशिवाय देतो, कमीत बसेल’ असे कोणी म्हणाले तर कमीत फक्त वॉरंटी बसते.

घरी आल्यावर स्थापना. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, अंतर हातभर. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्यांनी आणखी थोडे खाली न्यावे, नाहीतर हनुवटी वर करून वाचावे लागते आणि मान परत बोलू लागते. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मान डोलावतो, उंच होत नाही. त्यासाठी मराठी घरात दिवाळी अंकांची सोय केलेली आहे. गेल्या चार-पाच वर्षांचे अंक बहुधा पुरतात. सर्वांत जाड अंक तळाशी, आणि जो अजून वाचायचा आहे तो वर ठेवावा, म्हणजे तो कायमचा वाचायचा राहतो. पश्चिमेची खिडकी समोर नको, पाठीमागेही नको. एका बाजूला असावी. वास्तूवाल्यांनी दिशा वेगळी सांगितली असेल तर पडदा लावावा, कापडाचा.

इन्व्हर्टरच्या पॉइंटसाठी घरात बैठक घ्यावी लागते. 24 इंची मॉनिटर साधारण 20-25 वॅट खातो आणि जुना पंखा सत्तरच्या पुढे, हे लेखी मांडावे. वीज गेली की मॉनिटर मिटतो, लॅपटॉप चालूच राहतो आणि सगळ्या खिडक्या लहान पडद्यावर उड्या मारतात. बंगळुरूच्या मॅनेजरला नेमकी तेव्हाच तुमची खासगी व्हॉट्सॲप विंडो दिसते. हा मुद्दा बैठकीत मांडू नये.

राहिला खोका. थर्माकोलसकट माळ्यावर ठेवावा, वॉरंटी संपेपर्यंत. माळ्यावर जागा नसेल तर तिथे जुन्या 19 इंची मॉनिटरचा खोका सापडेल. तो मॉनिटर केव्हाच भंगारात गेला. तरी खोका काढायला जाऊ नये, त्यात गणपतीची माळ आहे.