नुसती बॅटरी टाकायची

तुमच्या माहितीतही असा एक चिरंजीव असणारच. वय पंचेचाळीस-पन्नास, मुक्काम पुणे नाहीतर ठाणे, नोकरी बरी, फ्लॅटचे हप्ते फिटत आलेले, आणि गावाकडे गोठ्यालगतच्या पत्र्याखाली वडिलांची जुनी पिकअप उभी. दिवाळीला, यात्रेला नाहीतर कुणाच्या दहाव्याला तो गावी येतो, चहाचा कप हातात घेऊन गाडीला एक प्रदक्षिणा घालतो, पुढच्या टायरला बुटाच्या टोकानं ठोकर मारतो आणि म्हणतो, "काही नाही झालेलं हिला. नुसती बॅटरी टाकायची." हौद्यातली कोंबडी मान वळवून बघते आणि पुन्हा अंड्यावर बसते, कारण तिनं हे ऐकलेलं आहे. तिच्या आजीनंही ऐकलेलं होतं. हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याची मुलगी बालवाडीत होती. आता ती इंजिनिअरिंगला आहे, आणि बॅटरी अजून टाकायचीच आहे.

या वाक्याला इतकी वर्षं कुणी हात लावलेला नाही, तेव्हा जरा तपासून बघू. आधी गाडी कुठली ते घ्या. आकुर्डीची मॅटाडोर असेल, टेल्कोनं १९८८ साली आणलेल्या टाटामोबाईल २०६ च्या वंशातली २०७ असेल, नाहीतर महिंद्राची. या पिढीच्या डिझेल इंजिनांना विजेचं फारसं कौतुक नसे. पंप यांत्रिक, बॅटरी लागायची ती स्टार्टर फिरवायला आणि हीटर प्लग तापवायला. एकदा धडधड सुरू झाली की ती असली काय नि नसली काय. म्हणून तर रात्री गाडी उतारावर लावायची रीत होती. पहाटे चौघांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, की नारायणगावचा टोमॅटो गुलटेकडीला नाहीतर वाशीला निघाला. म्हणजे चिरंजीवांनी दुखणं शोधलं तेही नेमकं त्या वस्तूत, जिच्यावाचून या गाडीनं निम्मं आयुष्य काढलं. बिघडलेलं असतं ते बाकीचं सगळं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीत डिझेलचा चिकट गाळ होतो, पाणी धरून पत्रा आतून गंजतो, आणि ती घाण ओढली की पंप आणि नोझल दोन्ही बसतात. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं सुकतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टायरला भेगा पडतात, वायरिंग उंदरांच्या पोटात गेलेलं असतं. गावचा मिस्त्री हे बॉनेट न उघडता सांगू शकतो. पण तो सांगत नाही. पहिल्याच दिवशी आकडा ऐकवला तर गिऱ्हाईक पळतं हे त्याला ठाऊक, म्हणून तोही कान खाजवत म्हणतो, "बॅटरी टाकून बघू."

कुणी म्हणेल, खर्चाचं काय घेऊन बसलात, हौसेला मोल नसतं. नसेल, पण हौसेला पासिंग लागतं. माल वाहणारी गाडी आठ वर्षांची झाली की तिचं पासिंग दरवर्षी. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी. घरगुती म्हणून नोंदलेली असेल तर पंधरा वर्षांनी नोंदणी नव्यानं करायची आणि पुढे दर पाच वर्षांनी. चारचाकीसाठी ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेटा सक्तीच्या झाल्या खऱ्या, पण त्या कामाला सरकारनंच इतक्यांदा मुदतवाढ दिली की निदान या एका बाबतीत चिरंजीवांचं आणि शासनाचं छान जमावं. उलट, नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली तर प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर नव्या गाडीच्या करात घरगुतीला २५ टक्क्यांपर्यंत, मालवाहूला १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. तिसरीतल्या पोराला सुटावा असा हिशेब. चिरंजीव ऑफिसात याच्या दसपट अवघड हिशेब जेवणाआधी उरकतात. इथे मात्र कागद-पेन घेऊन बसले की वर चार ओळी खोडतात आणि खाली लिहितात: बॅटरी, अंदाजे सहा हजार.

मग ही भावना म्हणायची का? गावातले समजूतदार लोक तसंच म्हणतात, "बापाची आठवण आहे, राहू द्या." मला हे पटत नाही. आठवण जपणारा माणूस निदान ताडपत्री तरी टाकतो. जुन्या गाड्यांचे खरे शौकीन दर आठवड्याला इंजिन फिरवतात, चाकाखाली विटा लावतात, आरशाची काच पुसतात. हा काहीच करत नाही. बरं, टाकून दिली म्हणावं, तर भंगारवाला दारात आला की ताडकन उठून सांगतो, "विकायची नाहीये, चालू करायचीये." आणि मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आला की त्याला सांगतो, "या खेपेला नको, पुढच्या खेपेला सवडीनं बघू." भंगारवाल्याला मिस्त्री दाखवायचा आणि मिस्त्रीला कॅलेंडर. यावरून एकच गोष्ट निघते. त्याला गाडी चालूही करायची नाही आणि मोडीतही काढायची नाही. त्याला ती चालू होण्यासारखी ठेवायची आहे.

कशासाठी, ते कळायला हाच गृहस्थ ओसरीवर बसून वडिलांबद्दल काय बोलतो ते ऐकावं. तात्या ब्याऐंशीचे. गुडघे गेलेत, डोळ्याचं ऑपरेशन राहून गेलंय, रात्री दोनदा उठतात आणि कधीकधी परतताना दार चुकतात. चिरंजीव म्हणतात, "काही नाही झालेलं त्यांना. नुसतं बी-ट्वेल्व्ह कमी आहे." गेल्या वर्षी नुसतं सोडियम होतं. त्याआधी नुसता चष्म्याचा नंबर. इथे टिंगल जराशी आवरती घ्यावी लागते. कारण हाच माणूस महिन्याच्या महिन्याला वारांप्रमाणे भरलेला गोळ्यांचा डबा पाठवतो, आणि त्या डब्यातला हिशेब एका गोळीनंही चुकत नाही. गाडी मोडीत काढायची म्हणजे तात्या ती पुन्हा चालवणार नाहीत हे सहीनिशी लिहून द्यायचं. त्या सहीची वेळ आली की बॅटरीचा विषय निघतो.

एवढं मान्य करूनही त्याला पुरतं सोडवत नाही. ही सगळी चर्चा तात्यांच्या डोक्यावरून चालते. आरसीबुकावर नाव तात्यांचं, पण बोलतात थोरला, धाकटा, जावई आणि शेजारचे सरपंच. तात्यांना विचारलंच तर ते "बघा तुमचं तुम्ही" म्हणतात, आणि हा होकार की नकार यावर भावाभावांत दोन तट पडतात. मुळात आधीची बॅटरी गेली कुठे, हे तर कुणीच विचारत नाही. असल्या बॅटऱ्या चोरीला गेलेल्या नसतात. ज्या पावसाळ्यात समोरच्या ट्रकचे दोन दिवे चार दिसायला लागले, त्याच पावसाळ्यात तात्यांनी स्वतः पान्हा घेऊन ती उतरवली आणि शेजारच्या पोराच्या ट्रॅक्टरला दिली. पुढचे दोन उन्हाळे त्या ट्रॅक्टरनं नांगरट केली ती तिच्यावर. तात्या बांधावर बसून बघत होते.