साठ टक्के

जुलै उजाडला की अख्खं कोल्हापूर फुटा-इंचात बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर गेली की धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. चहाच्या गाड्यावर ‘किती झालं?’ एवढंच विचारायचं. समोरचा आकडा सांगतो. अशाच एका कोसळत्या पावसात, राजारामपुरीत आमच्याकडं आलेल्या माझ्या मेहुण्यानं शेजारच्या दादांना सहज विचारलं, ‘किती झालं?’

‘चौसष्ट,’ दादा म्हणाले. ‘सकाळी एकसष्ट हुतं. वाढायलंय.’

मेहुण्याच्या हातातला कप बशीत कलंडला. 2019 च्या महापुरातसुद्धा नदी साठीला शिवली नव्हती. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की हे फूट नव्हेत, टक्के आहेत. आणि नदीचे नव्हेत, दादांच्या हॉलमधल्या काचेच्या पेटीतल्या दमटपणाचे आहेत.

पेटीत काकवी राहते. काकवी म्हणजे आफ्रिकेतला बॉल पायथन. जात अजगराची, पण लांबी जेमतेम चार फूट, आणि घाबरली की डोकं मधे घेऊन स्वतःचाच चेंडू करते. अंगावरचे पट्टे गुऱ्हाळातल्या काकवीच्या रंगाचे, म्हणून वहिनींनी ते नाव ठेवलं. त्याआधी दोन महिने वहिनी ‘साप घरात आला की मी कागलला जातो’ असं सांगत होत्या. अजून गेलेल्या नाहीत.

दादा मेन रोडवरच्या एका ऑडिटरकडं पंचवीस वर्षं हिशेब लिहितात. त्यांना सापाची आवड कधीच नव्हती असा माझा वहीम आहे. त्यांना रोज बघायला, लिहून ठेवायला आणि काळजी करायला एक आकडा लागतो. लेकीच्या दहावी-बारावीनं ती गरज काही वर्षं भागवली. ती शिकायला पुण्याला गेली आणि घरातला टक्केवारीचा विषयच संपला. मग ही पेटी आली. दारात येणाऱ्याला ते आधी कागद दाखवतात: नाग, धामण, आपला देशी अजगर घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, ही परदेशी जात आहे, आणि 2024 च्या नियमांप्रमाणं तिची ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर नोंद आहे. कागद लॅमिनेट करून अंबाबाईच्या फोटोशेजारी टांगलाय. मग पेटीवरचं काट्याचं मीटर दाखवतात आणि म्हणतात, ‘साठ टक्के. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई.’ गल्लीनं त्यांचं नावच साठ टक्के ठेवलं.

एका मार्चमध्ये घात झाला. काकवीचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली. दादांनी गल्लीला चार दिवस आधी आमंत्रणं केल्यासारखं सांगून ठेवलं, की सगळी कात एका तुकड्यात, पायमोजा उलटा काढावा तशी निघणार. निघाली ती जुन्या घराचे पोपडे पडावेत तशी. शेपटीच्या टोकाला एक वळं अडकून राहिलं, आणि एका डोळ्यावरची पातळ खवली सुटलीच नाही. सापाला पापण्या नसतात. पापणीच्या जागी काचेसारखी खवली असते आणि ती कातीबरोबर जायला हवी. हवा कोरडी असली की हे असं होतं. पण मीटर तर साठ दाखवत होतं!

हिशेबनीस माणूस आकड्यावर संशय घेत नाही, आणि एकदा घेतला की सोडत नाही. त्या रात्री मी काही कामानं गेलो तर दादा स्वयंपाकघरात उभे. पुढ्यात बाटलीचं झाकण, त्यात मीठ. त्यावर चमच्यानं थेंब थेंब पाणी सोडत होते. मीठ विरघळायचं नाही, ओल्या वाळूसारखं फक्त भिजायचं. ते झाकण आणि मीटर एका पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं आणि ती अल्लाद फ्रिजच्या डोक्यावर ठेवली.

‘ह्याच्या आत हवा बरोबर पंचाहत्तर टक्क्याला थांबती,’ ते कुजबुजले. ‘मिठाचा धर्म हाय त्यो.’

‘माझा खडा मिठाचा डबा कुठं हाय?’ वहिनी बाहेरून ओरडल्या.

सकाळी मीटरनं 87 दाखवले. म्हणजे ते बारानं फुगवून सांगत होतं, आणि काकवी इतके दिवस अट्ठेचाळीस टक्क्यांत वाळत पडली होती. दुसरा कुणी असता तर मीटर कचऱ्यात टाकून नवं आणलं असतं. दादांनी नवं डिजिटल आणलंच, पण आधी रोजच्या नोंदींची वही काढली आणि मागच्या तीन महिन्यांच्या प्रत्येक आकड्यातून लाल शाईनं बारा वजा केले. दर पानाखाली बारीक सही केली. डोळ्याची खवली मात्र त्यांनी स्वतः चिमट्यानं ओढली नाही. प्राण्यांच्या डॉक्टरकडं नेली. हे शहाणपण मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

मग सुरू झाली दुरुस्ती. नारळाच्या भुश्याचा थर दुप्पट झाला. पाण्याचं भांडं मोठं झालं आणि गरम बाजूला सरकलं. जाळीचं झाकण अर्धं झाकलं गेलं. वहिनींच्या आईस्क्रीमच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं, ती काकवीची कात टाकायची खोली. तालमीतली पोरं बघायला आली, तर त्यांना शिकवणी: ‘हीटरनं हवा तापली की टक्का उतरतो. पाणी तेवढंच असतंय बरं का. तोच कट मोठ्या पातेल्यात ओतला की तळाला गेलेला दिसतोय का न्हाई? तसं.’ मिसळीवरून सांगितल्यावर कोल्हापुरात कुठलंही शास्त्र समजतं. पोरं माना डोलावून गेली आणि त्यांतल्या दोघांनी बाहेर जाऊन खरंच मिसळ खाल्ली.

पावसाळ्यात रोग उलटा. पेटी पंच्याऐंशीकडं धावते, वारा खेळला नाही तर सापाच्या पोटाकडचे खवले सडतात, सर्दी होते, श्वास शिट्टीसारखा वाजतो. दादा रात्री उठून पेटीला कान लावतात. आणि त्याच घरात उत्तरेच्या भिंतीला ओल येऊन अफगाणिस्तानचा नकाशा उमटलाय. गुळाच्या ढेपेला घाम सुटलाय, पायताणावर हिरवी बुरशी धरलीय, आठवड्याचे कपडे दोरीवरच आहेत. एकदा वहिनी फणकारल्या, ‘सापाचं रोज बघताय, माझ्या कपाटात किती हाय ते बघा की एकदा! शालू काढला तर त्याला कुबट वास मारायलाय.’

दादांनी लगेच मीटर कपाटात ठेवलं, पंधरा मिनिटं थांबले, वहीत लिहिलं: ‘कपाट, 88.’ कपाट बंद केलं. त्यांच्या मते काम झालं होतं.

नागपंचमीला गल्लीच्या टोकाच्या आजी लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन आल्या. मागं सात-आठ बायका. दादा पेटीपुढं आडवे.

‘आजी, ह्यो नाग न्हाई, अजगर हाय. आणि कुठलाच साप दूध पीत न्हाई.’

‘मग आत वाटी कशाला ठेवलीया?’

‘ती पाण्याची. टक्क्यासाठी.’

‘ऱ्हातोय कुठं ह्यो तिकडं?’

‘उंदरांच्या बिळात. वाळवीच्या वारुळात,’ दादा गाफीलपणे बोलून गेले.

‘वारुळात!’ आजींनी मागं वळून सगळ्या बायकांकडं बघितलं आणि बाहेरच्या स्टुलाला हळदी-कुंकू लावून लाह्या वाहिल्या. बायका गेल्यावर दादांनी मीटर बघितलं. 66. ‘एवढी माणसं एका खोलीत श्वास सोडायला लागली की वाढणारच,’ म्हणून त्यांनी तेही लिहिलं. नोंदीच्या रकान्यात कारण दिलं होतं: ‘आजी व इतर.’

श्रावण संपता संपता काकवीनं पुन्हा कात टाकली, या वेळी अखंड, दोन्ही डोळ्यांच्या काचांसकट. दादांनी ती टेपनं मोजली. अंगापेक्षा कात लांब भरते, हे कळल्यावर तो फरक कुठल्या खात्यावर टाकावा यात त्यांचा एक रविवार गेला.

परवा संध्याकाळी ते आमच्याकडं आले. रिकाम्या हातानं चहाला येणारा माणूस नव्हे हा. थोडा वेळ पावसाचं बोलले, मग उठून आमच्या टीव्हीच्या मागं हात घातला आणि एक छोटं डिजिटल मीटर बाहेर काढलं.

‘हे कधी ठेवलं इथं?’

‘सोमवारी. सर, तुमचं घर लई भारी हाय. दिवसा बासष्ट, रात्री त्रेसष्ट. अख्ख्या गल्लीत असं घर न्हाई.’ माझ्या घराची एवढी स्तुती बांधणाऱ्या ठेकेदारानंही केली नव्हती. दादांनी चहाचा घोट घेतला. ‘पोरीकडं पुण्याला जायचंय. चारच दिवस.’

मी बायकोकडं बघितलं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

‘पेटी ठेवणार कुठं पण?’ तिनं विचारलं.

दादांनी बोटानं दाखवलं. शोकेसच्या बाजूला, भिंतीवर, पेन्सिलीनं केलेली एक बारीक फुली होती.