शिरा बघून साडी

लग्नसराईत हल्ली भटजींच्या आधी स्टायलिस्ट ठरते. बाई येतात, मनगटाच्या शिरा उजेडात धरून बघतात आणि पत्रिकेतला मंगळ सांगावा तशा गंभीरपणे सांगतात: शिरा हिरवट, सोनेरी चालेल, चंदेरी वर्ज्य. मग निम्मं कपाट बाद. नव्या खरेदीवर टक्केवारी त्यांचीच, त्यामुळे बाद करताना हात सैल सुटतो.

लक्ष्मी रोडवरचे सेल्समन काका पैठणीचा पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवतात, पन्नासाव्या साडीलाही कपाळावर आठी नाही, वर फॉल-पिको कुठे करायचं तेही सांगतात. फी शून्य. तिथेच त्यांचं चुकलं. फुकटचा सल्ला ऐकतो कोण? पैसे मोजले, की तीच साडी अंगावर खुलते.