वजन कुठल्या पायावर?

आमच्या नानांना कुणी "काय नाना, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतात. मग मान तिरकी करून म्हणतात, "उजव्या पायावर वजन टाकलंयस. म्हणून उजवी कंबर वर आणि उजवा खांदा खाली. फक्कड! हलू नकोस." तोवर शबनम पिशवीतून वही निघालेली असते, आणि कोथिंबीर आणायला निघालेला माणूस डोंबिवलीच्या भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात ताटकळलेला असतो.

नाना शाळेत चित्रकलेच्या एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दोन्हीला 'ए' ग्रेडने पास. पुढे जे. जे.ला जायचं होतं, पण वडिलांनी बँकेत चिकटवलं. बँकेने निरोपाचा नारळ दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांनी, मधली सगळी वर्षं जणू मधली सुट्टी होती अशा बेताने, पेन्सिलीला टोक काढलं. तेही शार्पनरने नाही. दाढीच्या ब्लेडने, शिसं बोटभर बाहेर येईपर्यंत. खोडरबर त्यांच्या घरात फक्त नातवाच्या कंपासपेटीत सापडतो. "चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ काढ" हे त्यांचं म्हणणं, आणि वही उघडली की ते खरं असल्याचं दिसतं. एकेका माणसाला तीन-तीन पाठी असतात.

तुम्हाआम्हाला १८५७ म्हटलं की बंड आठवतं. नानांना आठवतं ते जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाल्याचं साल. "आणि पुढच्याच वर्षी, १८५८ ला, लंडनमध्ये ग्रेचं ॲनाटॉमी निघालं," हे ते दोन्ही कमिट्यांवर स्वतः असल्याच्या थाटात सांगतात. त्या ग्रेची एक जाडजूड जुनी प्रत आणि चित्रकार अँड्र्यू लूमिसच्या पुस्तकाची झेरॉक्स देवघराशेजारच्या फळीवर असते. सकाळी पूजा काकू करतात. नाना त्याच वेळी पाटावर बसून एक पान हातांचं आणि एक पान पायांचं भरतात. दोघांपैकी कुणाचाही नेम चुकत नाही.

हाडांच्या अभ्यासाचा त्रास मात्र घरादाराला होतो. एकदा काकू भाकरी थापत होत्या आणि नाना ओट्याला नाक लावून उभे. "बघ, तळहात वर असताना रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. तू तळहात पालथा केलास की अंगठ्याकडचं रेडियस अल्नावरून आडवं जातं. मनगट वळतंच कुठे, सगळा हातच पिळतो!" काकूंनी तव्यावर भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "मग त्या रेडियसला म्हणावं, पाणी येतंय तोवर दोन बादल्या भरून ठेव." नानांनी बादल्या भरल्या. भरताना स्वतःच्याच दंडाकडे बघत राहिले आणि दुसरी बादली वाहून गेली.

चारचौघांत न्यायचीही सोय नाही. बारशाला गेले, बाळ हातात घेतलं, पेन्सिल आडवी धरून एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "जेमतेम चार डोक्यांचं आहे." बाळाची आजी तीनताड उडाली. मग मोठ्या माणसाच्या उंचीत साधारण साडेसात डोकी बसतात, तान्ह्या बाळाच्या उंचीत चार, हे समजावण्यात घुगऱ्या संपल्या. भाचीला बघायला स्थळ आलं, तेव्हा "मुलगा कसा वाटला?" या प्रश्नावर नाना म्हणाले, "कॉलरबोन अप्रतिम." पगार किती, हे विचारायचं काम त्यांच्याकडेच दिलं होतं.

त्यांचं लाडकं कोडं घोट्याचं. "घोट्याची दोन टोकं, आतलं वर की बाहेरचं?" आतलं वर, बाहेरचं खाली. पोटरीचं बरोबर उलटं: बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. आत्ता वाचता-वाचता तुमचा हात घोट्याकडे गेला असेल तर शरमू नका, आमच्या जिन्यात परवा पाचजण एका वेळी वाकले होते. आणि कंबरदुखीची तक्रार घेऊन कुणी आलं, तर नानांचं औषध ठरलेलं: "विठोबाकडे बघ. दोन्ही पायांवर सारखं वजन, म्हणून इतकी युगं उभा आहे. तू बससाठी दहा मिनिटं एका पायावर रेलतोस आणि मग मूव्ह लावत बसतोस."

नानांच्या जुन्या वह्या चाळल्या तर एक गंमत दिसते. सुरुवातीच्या वह्यांतल्या सगळ्या पुरुषांचे हात खिशात आहेत आणि सगळ्या बायकांचे पदराखाली. हात काढायचे टाळले होते! एका हातात २७ हाडं, दोन्ही मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथाईहून जास्त. भल्याभल्यांची पेन्सिल तिथे अडखळते. नानांनी मग स्लो लोकल धरली. फास्टमध्ये माणसं लोंबकळतात, स्लोमध्ये बसतात, पत्ते पिसतात, तंबाखू मळतात, दांड्याला धरून डुलक्या घेतात. वह्यांमागून वह्या गेल्या. आधी केळ्यांचे घड दिसायचे, मग हळूहळू बोटांना सांधे फुटले. आता त्यांच्या पानावरची मूठ पाहिली तर तिच्यात तंबाखू आहे की सुटे पैसे, हे सांगता येतं.

चेहरे मात्र नाहीत. एक अंडं आणि त्यावर डोळ्यांची आडवी रेघ, तीही बरोबर डोक्याच्या मध्यावर, बस्स. लोक डोकावतात, "माझं नाक एवढं मोठं आहे?" म्हणून भांडतात, आणि नाना शांतपणे सांगतात, "ते नाक नाही, तुझं कोपर आहे." गणपतीत मंडळाने सेक्रेटरींचं चित्र काढायला सांगितलं, तर नानांनी त्यांना पाठमोरे काढले: एक हात कमरेवर, डावा खांदा पडलेला, मान नोटीसबोर्डाकडे ताणलेली. सेक्रेटरी आठवडाभर बोलले नाहीत. पण ते चित्र मांडवात लागलं, तेव्हा खाली नाव नसताना इस्त्रीवाल्यापासून दुधवाल्यापर्यंत प्रत्येकाने ते ओळखलं. माझ्या मते नानांच्या सगळ्या हाडांच्या अभ्यासाचं फळ ते एवढंच आणि ते थोडं नाही: चेहरा आपण आरशासमोर बसवून घेतो, पाठ कुणी बसवत नाही.

तेव्हा मध्य रेल्वेच्या स्लो लोकलमध्ये समोर एखादे गृहस्थ तुमच्याकडे टक लावून वहीत मान खुपसत असतील, तर रेल्वे पोलिसांना बोलावू नका. केस सारखे करू नका, हसू नका, त्यांना चेहरा नकोच आहे. जसे बसलात तसे बसा. फक्त हात तेवढे खिशातून बाहेर काढा.