साक्षीमामा

लोणावळ्याहून सुटलेली सकाळची लोकल मळवली सोडते न सोडते, तोच खिडकीजवळचा एक गृहस्थ शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारतो, ‘‘दादा, मनाला शांती आहे ना?’’ शेजारी बिचारा पहिल्या पाळीला निघालेला असतो. शांती आत्तापर्यंत होती.

हे साक्षीमामा. मावळातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत असा एखादा मामा सापडतोच. पाळकसाहेब रविवारी उपदेश करतात, उरलेले सहा दिवस मामा सांभाळतात. आपल्या विश्वासाबद्दल चारचौघांत बोलायचं, याला मंडळीच्या भाषेत ‘साक्ष देणं’ म्हणतात. कोर्टातल्या साक्षीदाराला बोलतं करावं लागतं, मामांना थांबवावं लागतं.

कुठल्याही विषयावरून ते सुवार्तेवर येतात. पावसावरून नोहाच्या तारवावर; मावळात चार महिने ही सोय आहेच. महागाईवरून पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर. एकदा कुणी पिशवीतून चिक्की काढली, तर मामांनी त्रैक्य समजावून दिलं: शेंगदाणे, गूळ, तूप, वस्तू तीन, वडी एक! डबा खूश झाला. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते मात्र हादरले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतला प्रत्येक जण पूर्ण देव आहे. नुसत्या गुळाला कुणी चिक्की म्हणतं का? मामांनी चूक कबूल केली आणि पुढच्या सोमवारी, चिक्की वाटतच, ती डब्यालाही कबूल केली.

मामांच्या या उत्साहाला आधार आहे तो रेल्वेचाच. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसाशी गप्पा रंगल्या. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला! तेव्हापासून, म्हणजे मामांनी ही गोष्ट ऐकल्यापासून, समोरच्या बाकावरचा प्रत्येक माणूस त्यांना संभाव्य टिळक दिसतो. अडचण वेळेची आहे. तिकडे नागपूर ते राजनांदगाव असा ऐसपैस प्रवास होता. इथे पुणं अवघं 64 किलोमीटर, त्यात माणसं तळेगावलाच उतरतात. म्हणून एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी लोकल थांबली, की सगळा डबा घड्याळ बघतो आणि मामा तेवढे ‘‘प्रभूची कृपा’’ म्हणतात.

एका वकिलांनी त्यांना अडवून पाहिलं. घटनेच्या 25व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, मान्य. पण प्रसार म्हणजे समोरच्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 सालीच सांगितलंय. ‘‘मग मी वेगळं काय म्हणतो?’’ मामा म्हणाले. ‘‘हृदय बदलणं प्रभूचं काम. माझं आपलं बोलणं.’’ ‘‘आणि आमची डुलकी?’’ वकिलांनी विचारलं. त्यावर मामांकडे वचन नव्हतं.

मामींची तऱ्हा निराळी. नाताळात त्या अख्ख्या आळीत करंज्या-चकल्यांची ताटं पाठवतात, वर एक शब्द बोलत नाहीत. ताटं मात्र कधी रिकामी परत येत नाहीत. हे मामांना थोडं लागतं.

मामांचा खरा सामना आहे कामशेतला चढणाऱ्या एका माळकरी बुवांशी. डब्यात टाळ वाजायला लागले, की मामाही गातात, पण टिळकांचे अभंग. पहिल्या दिवशी भजनी मंडळाने ते तुकोबांचे समजून ध्रुवपद जोरात उचललं. शेवटच्या चरणात ख्रिस्त आला तेव्हा टाळ जरा अडखळले, पण थांबले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो असं टिळक मानत, हे मामांनी लगेच सांगून टाकलं. बुवांनी शांतपणे ऐकलं, मामांनी दिलेला नवा करार कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. महिन्याभरात वाचूनही काढला.

मामा आनंदले. दोन वर्षांचा हिशेब मनात सुरू झालाच होता, तेवढ्यात देहूरोड आलं. बुवांनी पिशवीतून जाडजूड गाथा काढून मामांच्या मांडीवर ठेवली.

‘‘निवांत वाचा, माउली,’’ उतरता उतरता ते म्हणाले. ‘‘तुम्हालाही दोन वर्षं दिली.’’