मॅडम, जरा आवरा!

मा. विज्ञानाच्या मॅडम यांस,


मी जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या शेजारात राहणारा साधा पालक. धाकटी यंदा दहावीत. उन्हाळी वर्ग सुरू झाल्यापासून घराची झोप उडाली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

थोरल्याच्या वेळी विज्ञान कसं सुरळीत होतं! सर ‘आयएमपी’ सांगत, पोरं खुणा करत. प्रयोगवहीत निष्कर्ष आधी, निरीक्षण मग आणि प्रयोग सवडीने. ती सवड कधी मिळाली नाही. तरी प्रात्यक्षिकाचे 20 पैकी 20. वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही, हे काय कमी आहे?

तुम्ही मात्र ‘उष्णता’ हा धडा वाचून दाखवायचा सोडून दोन तापमापी टांगल्या, एकीच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळला. वर फर्मान : काय होईल ते आधी लिहा, शेजाऱ्याशी वाद घाला, मग बघा. शिवाय प्रश्न विचारून गप्प उभ्या राहता म्हणे! मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात, उत्तरंही मोठी येतात. अहो, धोका तोच आहे! सगळीच बोलायला लागली तर पोर्शन कधी संपायचा?

झालंही तसंच. ओल्या कापसाचा पारा उतरताच कधी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, “मंग मुंबईले माह्या मावशीच्या घरी कूलर काऊन नाही?” त्याला ‘हे पेपरात येत नाही’ म्हणून खाली बसवायचं, तर तुम्ही प्रश्नच फळ्यावर लिहिला. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं. आपली वैशाखातली कोरडी हवा ते पटापट पिते, मुंबईची हवा आधीच पाण्याने तुडुंब. सुप्त उष्मा, सापेक्ष आर्द्रता, सगळं पोरांनीच काढलं. मग आम्ही गाईडला पैसे कशाला मोजले?

आता हे लोण घरात शिरलं आहे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडकी लावतो, धाकटी उघडते. म्हणते, “बाबा, ओली हवा बाहेर गेली नाही, तर कूलरचं पाणी सुकेल कसं?” काल नळाला येणारं महानच्या धरणाचं पाणी आणि खारपाणपट्ट्यातल्या मामाच्या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत भरून, साबणाचे सारखे थेंब टाकून हलवत बसली. फेस कुठे जास्त येईल, याचा आजीचाही अंदाज वहीत लिहून घेतला. आजन्म त्या विहिरीवर लुगडी धुतलेल्या आजीचा अंदाज बरोबर निघाला. तेव्हापासून तीही विचारते, “काऊन?”

सबब विनंती, की प्रयोगसाहित्याच्या कपाटाला पुन्हा कुलूप घालावं, चुकलेल्या पोराला ‘तुला असं का वाटलं?’ विचारून लाडावू नये आणि उत्तर प्रश्नाच्या आधीच सांगून मोकळं व्हावं. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतोच. रामन यांच्या फोटोला हार घालू, वर्षाचं विज्ञान तेवढ्यात भागेल.

आपला,
एक त्रस्त पालक
जुने शहर, अकोला

ता. क. : पुढचा प्रयोग कोणत्या वारी आहे, तेवढं कळवावं. आजी यायचं म्हणते. तिला एकटीला कसं पाठवणार?